शुभ्र दंतपंक्तीचा मायाबाजार

२०१५ सालच्या मार्च महिन्यात चीनमधील शांघाय महानगराच्या उद्योग-वाणिज्य प्रशासनाने एका टूथपेस्टच्या जाहिरातीपायी तब्बल ६० लाख ३० हजार युआनचा दंड ठोठावला. टूथपेस्टचे नाव 'क्रेस्ट' आणि कंपनी 'प्रॉक्टर अँड गॅम्बल'. तैवानची एक लोकप्रिय दूरचित्रवाणी निवेदिका त्या जाहिरातीत प्रसन्न हसत होती आणि ही पेस्ट वापरताच एका दिवसात दात पांढरेशुभ्र होतात, अशी ग्वाही प्रेक्षकांना दिली जात होती. चौकशीत निष्पन्न झाले ते वेगळेच. निवेदिकेच्या दातांवरची ती लखलख पेस्टने आलेली नव्हती. ती संगणकावर चित्र 'सुधारून' आणलेली होती. खोट्या जाहिरातीबद्दल चीनमध्ये तोवर झालेला हा सर्वांत मोठा दंड असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

या प्रसंगातून निघणारा प्रश्न शाळकरी मुलालाही सुचेल इतका साधा आहे. जी पेस्ट एका दिवसात दात शुभ्र करते, तिच्याच जाहिरातीतील दात शुभ्र करायला संगणक का लागावा? दंड झाला, बातमी विरली. प्रश्न मात्र विरलेला नाही. आज महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी किराणा दुकानाच्या फळीवरही 'व्हाइटनिंग' हा शब्द मिरविणाऱ्या नळ्या ओळीने मांडलेल्या दिसतात. एकीवर चमकता तारा, दुसरीवर हिरा, तिसरीवर दातांच्या छटांची पट्टी. साध्या पेस्टपेक्षा चढे दाम मोजून मध्यमवर्गीय कुटुंबे त्या घरी नेतात. लग्न ठरत असलेली मुलगी, मुलाखतीला निघालेला तरुण, चाळिशी ओलांडलेली आणि छायाचित्रात ओठ मिटून हसणारी गृहिणी, हे या मालाचे गिऱ्हाईक. त्यांच्या पदरात नेमके काय पडते, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

दाताचा रंग येतो कोठून?

दात हा मुळात दुधासारखा पांढरा असतो आणि मळामुळे तो पिवळा पडतो, ही समजूत या साऱ्या व्यापाराचा पाया आहे. ही समजूतच चुकीची आहे. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. मानवी देहातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. परंतु हे कवच म्हणजे पांढऱ्या रंगाचा लेप नव्हे. ते अर्धपारदर्शक असते. त्याच्या आत डेंटिनचा थर असतो आणि त्याचा रंग निसर्गतःच पिवळसर असतो. कंदिलाच्या काचेतून ज्योतीचा रंग बाहेर दिसावा, तसा डेंटिनचा पिवळेपणा इनॅमलमधून बाहेर डोकावतो. निरोगी, स्वच्छ, एकही डाग नसलेला दातही किंचित पिवळसर दिसतो तो यामुळेच.

वय वाढते तसे इनॅमल झिजून पातळ होते आणि आतील डेंटिन अधिक गडद होत जाते. केस पिकावेत, कातडीला सुरकुत्या पडाव्यात, तसाच हा वयाचा सहज परिणाम. याउलट लहान मुलांचे दुधाचे दात अधिक पांढरे असतात. सातव्या-आठव्या वर्षी त्यांच्या शेजारी कायमचे दात उगवू लागले की ते तुलनेने पिवळे दिसतात, आणि आईच्या काळजात धस्स होते. आपल्या मुलाचे दात खराब निघाले, या भीतीने ती दुकानातून 'व्हाइटनिंग' पेस्ट घेऊन येते. वास्तविक त्या मुलाचे दात जसे असायला हवेत तसेच असतात. निसर्गाच्या नियमाला दोष ठरविणे आणि मग त्या दोषावर उतारा विकणे, ही या बाजाराची पहिली चलाखी.

आता खरोखरच्या डागांकडे वळावे. ते दोन जातींचे असतात. चहा, कॉफी, पान, सुपारी, तंबाखू यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात, ते बाहेरचे. दुसरे दाताच्या घडणीतच मुरलेले असतात. दात घडत असताना पोटात गेलेले अतिरिक्त फ्लोराइड, लहानपणी किंवा आईच्या गरोदरपणी घेतलेली टेट्रासायक्लिन जातीची औषधे, पडून-आपटून आतील शीर मेलेला दात, आणि वय, ही त्यांची कारणे. एवढा एक भेद ध्यानी धरला की पुढचे सारे आपोआप उलगडत जाते. कारण टूथपेस्टचा हात बाहेरच्या डागापर्यंत पोहोचतो. आतल्या रंगाला तो लागतच नाही.

पेस्ट करते काय?

'व्हाइटनिंग' पेस्टमध्ये कोणती विद्या दडलेली आहे, हे उघड करण्यात काहीच गुपित नाही. चार युक्त्या आहेत आणि चारही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतात.

पहिली युक्ती घासण्याची. जलयुक्त सिलिका, कॅल्शियम कार्बोनेट, खाण्याचा सोडा, अशा बारीक घर्षक कणांनी डाग खरवडून काढायचा. साध्या पेस्टमध्येही हे कण असतातच. दात पांढरे करण्याचा दावा करणाऱ्या पेस्टमध्ये ते पुष्कळदा अधिक किंवा अधिक कडक असतात. पितळेचे भांडे चिंचेने घासावे की दगडाच्या भुकटीने, एवढाच काय तो फरक. पेस्ट किती घासते हे मोजण्याचे माप जगात आहे. एका ठरावीक घर्षक पदार्थाला १०० हा अंक देऊन त्याच्या तुलनेत प्रत्येक पेस्टची डेंटिन झिजविण्याची शक्ती आकड्यात सांगता येते. टूथपेस्टच्या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची कमाल मर्यादा २५० ठरविली आहे. हा अंक कारखान्याला माहीत असू शकतो, प्रयोगशाळेला माहीत असू शकतो. पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या हाती येणाऱ्या खोक्यावर मात्र तो सहसा आढळत नाही.

दुसरी युक्ती रसायनांची. पायरोफॉस्फेट किंवा सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट यांसारखे क्षार डागाची पकड सैल करतात आणि नवे कीटण साचण्यास अटकाव करतात. काही पेस्टमध्ये पपईतील पेपेन किंवा अननसातील ब्रोमेलिन ही विकरे असतात. ती दातावरच्या प्रथिनांच्या पातळ पापुद्र्याला सैल करतात. येथपर्यंतचे काम प्रामाणिक आहे, पण तेही पृष्ठभागापुरतेच.

तिसरी युक्ती मोठी गमतीची आहे आणि ती समजायला मराठी घरातील कोणालाही रसायनशास्त्र शिकावे लागणार नाही. धुतलेले धोतर पिवळट दिसू नये म्हणून शेवटच्या पाण्यात नीळ घालण्याची रीत घरोघरी होती. नीळ मळ काढत नाही. पिवळ्यावर निळ्याची पुसट झाक चढली की डोळ्याला पांढऱ्याचा भास होतो, इतकेच. काही टूथपेस्टमध्ये 'ब्लू कोव्हरिन' नावाचे निळे रंगद्रव्य याच कामासाठी घातलेले असते. त्याचा अतिसूक्ष्म थर दातावर बसतो आणि घासल्याबरोबर दात पांढरे 'दिसतात'. जेवणाखाणाने आणि लाळेने तो थर निघून जातो, आणि दात होते तसे पुन्हा समोर येतात. एका घासण्यात फरक दिसल्याचे सांगणाऱ्या जाहिरातींचे मर्म पुष्कळदा या निळीतच असते. आजीने नीळ घातली तेव्हा 'धोतराचा पोत बदलला' असा दावा तिने कधी केला नव्हता. हा प्रामाणिकपणा तिला कोणत्याही विपणन-संस्थेत जाऊन शिकावा लागला नाही.

चौथी युक्ती पेरॉक्साइडची. चौघींपैकी ही एकटीच दाताच्या आतील रंगापर्यंत पोहोचू शकते. हायड्रोजन पेरॉक्साइड इनॅमलमधून आत झिरपते आणि रंगीत रेणूंचे विघटन करते. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात: पुरेशी मात्रा आणि पुरेसा वेळ. १९८९ साली अमेरिकेतील हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी घरच्या घरी करण्याच्या विरंजनाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात दातांच्या मापाच्या साच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल भरून तो साचा रात्रभर तोंडात ठेवायचा, आणि हे काही आठवडे करायचे असते. आता याच्या शेजारी टूथपेस्ट ठेवून पाहावी. ब्रश तोंडात राहतो जेमतेम दोन मिनिटे. पेस्ट लाळेत मिसळते, पातळ होते आणि चूळ भरताच मोरीत जाते. युरोपीय संघाने तर २०१२ च्या ऑक्टोबरअखेरपासून खुल्या विक्रीच्या दंतप्रसाधनांत ०.१ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड घालण्यास मनाई केली. त्याहून अधिक, ६ टक्क्यांपर्यंतची उत्पादने केवळ दंतवैद्यालाच विकता येतात आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी ती वापरता येत नाहीत. जे खरोखर काम करते ते दंतवैद्याच्या देखरेखीखाली ठेवावे लागते आणि जे दुकानात मोकळेपणाने मिळते ते नावापुरतेच उरते, असा हा पेच आहे.

राखुंडीचे पुनरागमन

गेल्या काही वर्षांत या बाजारात काळ्या पेस्टने प्रवेश केला. 'ॲक्टिव्हेटेड चारकोल' असे तिचे भारदस्त नाव. तिची कथा भारतीय माणसाला अंतर्मुख करणारी आहे. गोवऱ्यांची राखुंडी आणि कोळशाची पूड यांनी दात घासणाऱ्या खेडुताची दूरदर्शनच्या काळातील जाहिरातींनी यथेच्छ टिंगल केली. कोळसा खरखरीत असतो, त्याने दात झिजतात, असे त्याला पडद्यावरून शिकविले गेले. सांगणे खरे होते, म्हणून लोकांनी ते मानले. राखुंडीचा डबा माळ्यावर गेला आणि मोरीच्या फळीवर नळी आली. आता तोच कोळसा काळ्या वेष्टनात, परदेशी नाव लावून, चढ्या भावाने त्याच खेडुताच्या नातवाला विकला जातो आणि नातू तो आधुनिकतेचे लक्षण म्हणून घेतो!

कोळशाचा गुणधर्म इतक्यात बदलला काय? अमेरिकी दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली या विषयावरील उपलब्ध शोधनिबंधांचा आढावा प्रसिद्ध झाला. कोळशाच्या दंतप्रसाधनांची सुरक्षितता किंवा परिणामकारकता सिद्ध करणारा पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१९ साली ब्रिटनच्या दंतवैद्यक नियतकालिकातील आढाव्यानेही सावधगिरीचाच इशारा दिला. शिवाय अशा अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसते, म्हणजे दात किडण्यापासून संरक्षण देणारा घटकच गैरहजर. येथे कोणी 'पूर्वजांची राखुंडीच बरी होती' असे म्हणेल, तर तेही खरे नाही. राख आणि कोळसा आजोबांच्या हातून आले म्हणून मऊ होत नाहीत. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परंपरेतील सोने आणि राख यांतला भेद ओळखलाच पाहिजे. संताप येतो तो याचा, की ज्यांनी आजोबांना हसून राखुंडी सोडायला लावली, त्याच व्यापाराने नातवाकडून तिचे पैसे घेतले.

मग परिणाम होतो की नाही?

पक्षपात टाळून उत्तर द्यायचे तर ते असे: थोडा होतो, तोही विवक्षित दातांवर. ज्याच्या दातांवर चहाचे किंवा पानाचे बाहेरचे डाग आहेत, त्याला काही आठवडे नियमित वापरानंतर एखाद-दुसऱ्या छटेचा फरक दिसू शकतो. दंतवैद्य दातांची छटा पाहण्यासाठी जी पट्टी वापरतात, तिच्या प्रचलित प्रकारात १६ छटा असतात. त्यांतील एखादी पायरी वर चढणे म्हणजे जाहिरातीतील लखलखाट नव्हे. आरशासमोर उभे राहून शोधावा लागेल इतका तो फरक. आणि जो फरक पडतो, तो दात पांढरा झाल्याचा नसतो, डाग गेल्याचा असतो. अंगणातील शेवाळ खरवडले म्हणून फरशी संगमरवरी होत नाही. मूळची फरशी दिसू लागते, एवढेच.

ज्यांचे दात वयाने पिवळे झाले, फ्लोराइडने डागाळले किंवा औषधाने करडे पडले, त्यांना या नळीतून काहीही मिळत नाही. दातावर बसवलेली टोपी आणि भरलेले सिमेंट यांचा रंगही कोणतीच पेस्ट बदलत नाही. दगडासारखे घट्ट झालेले कीटणही पेस्टने निघत नाही. त्यासाठी दंतवैद्याकडे जाऊन दात साफ करून घ्यावे लागतात. याविषयी घरोघरी एक गैरसमज आहे: 'मशीनने साफ केले की दात हलायला लागतात.' वस्तुतः कीटणामुळे हिरड्या आधीच मागे सरलेल्या असतात. कीटण निघाले की झालेली हानी उघडी पडते आणि दोष साफसफाईला दिला जातो. या भीतीपोटी दंतवैद्याची पायरी टाळायची आणि त्याच पैशातून वर्षभर महागड्या नळ्या आणायच्या, यात ना दातांचे हित ना खिशाचे.

नुकसान केवळ पैशाचे असते तर ते सोसता आले असते. पण इनॅमल घडविणाऱ्या पेशी दात उगवला की नाहीशा होतात. हाड मोडले तर जुळते, कातडी सोलवटली तर पुन्हा येते. झिजलेले इनॅमल मात्र पुन्हा येत नाही. मर्यादेतील घर्षणाची पेस्ट, मऊ ब्रश आणि हलका हात असेल तर फारसे भय नाही, असे दंतवैद्यक सांगते. परंतु दात पांढरे करण्याच्या ध्यासाने पछाडलेल्याचा हात हलका राहात नाही. तो कडक ब्रश घेतो, आडवा घासतो, दिवसातून तीनतीनदा घासतो. जेथे हिरडी मागे सरून दाताचे मूळ उघडे पडले आहे, तेथील भाग इनॅमलपेक्षा कितीतरी मऊ; तो आधी झिजतो. कोणी त्यावर लिंबू आणि मीठ चोळण्याचा 'घरगुती' उपाय करतो. लिंबाच्या रसाचे आम्ल इनॅमल विरघळविण्यास पुरेसे तीव्र असते. शेवटी गार पाण्याचा घोट घेतला की दातांतून कळ जाते. आणि येथे एक विदारक विनोद घडतो. इनॅमल जितके पातळ, तितका आतील पिवळा डेंटिन अधिक स्पष्ट. पांढऱ्याच्या हट्टापायी दात आणखी पिवळा!

कळ जाऊ लागली की बाजार पाठ फिरवीत नाही. त्याच फळीवर, पुष्कळदा त्याच कंपनीची, दात शिवशिवण्यावरची वेगळी पेस्ट तयार असते. तिच्याही जाहिरातींची कथा उद्बोधक आहे. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'सेन्सोडाइन'च्या जाहिराती थांबविण्याचा आदेश दिला आणि १० लाख रुपयांचा दंड केला. भारतातील दंतवैद्यांना जाहिरातीत उत्पादनाची शिफारस करता येत नाही, म्हणून पडद्यावर परदेशी दंतवैद्य आणले गेले होते. जगभरच्या दंतवैद्यांची शिफारस आणि जगातील अव्वल क्रमांक यांसारखे दावेही पुराव्याअभावी टिकले नाहीत. परदेशी चेहरा दाखविला की भारतीय ग्राहक माना डोलावतो, हे गृहीत धरले गेले होते. त्या गृहीतकाला तडा जाण्यास २०२२ साल उजाडावे लागले, ही लाजेची बाब कंपनीइतकीच समाजाचीही आहे.

स्वच्छता आणि शुभ्रता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दंतधावनाचा विधी आहे. दिवसातून दोन वेळा, तुरट, तिखट किंवा कडू रसाच्या काडीचे टोक चावून मऊ करावे आणि हिरड्यांना इजा न होऊ देता दात घासावेत, असे तेथे सांगितले आहे. करंज, रुई, अर्जुन आदी वृक्षांची नावे दिली आहेत. लाभ कोणते? मुखाची दुर्गंधी आणि बेचव जाते, जीभ, दात आणि तोंड यांचा मळ निघतो, अन्नाला रुची येते. या फलश्रुतीत पांढरेपणाचा शब्द नाही. सुश्रुताने काडीची लांबी बारा अंगुळे आणि जाडी करंगळीएवढी असावी, इथपर्यंत बारकावे दिले. दोन वेळा घासावे आणि हिरड्यांना जपावे, हा सल्ला आजचा दंतवैद्यही जसाच्या तसा देतो. ज्ञानपरंपरेने स्वच्छता मागितली. शुभ्रता ही बाजाराची मागणी आहे.

सौंदर्याच्या कल्पना काळानुसार कशा फिरतात, याचे उत्तम उदाहरण जपानचे. तेथे कित्येक शतके विवाहित आणि प्रतिष्ठित स्त्रिया दात काळे रंगवीत आणि तेच सौंदर्याचे लक्षण मानले जाई. १८७० साली मेइजी शासनाने सरदार घराण्यांत या प्रथेला बंदी केली आणि पाश्चात्त्य राष्ट्रांपुढे मागासलेले दिसू नये या धास्तीने ती हळूहळू मावळली. आपल्याकडील कवींनी दातांना कुंदकळ्यांची उपमा दिली, मोत्यांची दिली, तशीच डाळिंबाच्या दाण्यांचीही दिली. डाळिंबाचा दाणा पांढराफटक नसतो. त्या उपमेत कौतुक होते ते ओळीचे, तेजाचे आणि निरोगीपणाचे. खरा मोतीही कागदासारखा पांढरा नसतो. कागदी पांढरेपणा ही निसर्गाची छटाच नव्हे. ती छपाईची आणि पडद्याची आहे.

याच देशात १९७५ पासून गोरेपणाचे मलम विकले गेले. सावळ्या विठ्ठलापुढे लोटांगण घालणाऱ्या समाजाला सावळ्या मुलीची लाज वाटावी, असा चमत्कार त्या जाहिरातींनी करून दाखविला. पुढे टीका वाढली तेव्हा २०२० मध्ये त्या मलमाने नावातील 'फेअर' शब्द गाळला. कातडीवरचा तो शब्द मागे सरकला, पण दातांवरचा 'व्हाइट' अजून ऐटीत आहे. न्यूनगंड पेरायचा आणि त्याचे पीक कापायचे, ही शेती तीच. फक्त वावर बदलले.

डागामागचा रोग

या सगळ्यात सर्वांत गंभीर गोष्ट झाकली जाते. दातावरचा डाग पुष्कळदा निरोप घेऊन आलेला असतो. तपकिरी-काळे दात तंबाखूची वर्दी देतात. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर देशात १९९२ साली बंदी आली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. तरीही कित्येक घरांत तव्यावर तंबाखू भाजून मशेरी लावणाऱ्या माउल्या आजही आहेत, आणि पानटपरीवरून खिशात पुड्या भरणारे तरुणही. अशा तरुणाने 'व्हाइटनिंग' पेस्टने डाग पुसला तर त्याला वाटते, काही बिघडले नाही. परंतु त्याच तोंडात गालाच्या आतल्या बाजूस न पुसला जाणारा पांढरा चट्टा उमटलेला असू शकतो. तो कर्करोगाची पूर्वसूचना असण्याची शक्यता असते. तोंडातील ज्या पांढऱ्याला खरोखर घाबरायचे, त्याकडे कोणाचे लक्ष नाही; आणि ज्या पिवळ्याला घाबरण्याचे कारण नाही, त्याच्यामागे सारे धावत आहेत.

तीच गत फ्लोरोसिसची. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेहून अधिक आहे. दात घडण्याच्या वयात ते पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्या गावची मुलगी शहरात शिकायला येते, मैत्रिणींच्या नजरेने शरमते आणि महिन्याच्या तुटपुंज्या पैशातून पांढऱ्या हास्याचे वचन देणारी नळी विकत घेते. तिच्या दातांना त्याने काडीचाही फरक पडणार नाही. तिच्या गावाला हवे आहे शुद्ध पाणी, आणि तिला हवा आहे योग्य उपचार सुचविणारा दंतवैद्य. बाजार तिला विकतो आशा.

काय व्हायला हवे?

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परदेशी कंपनीच्या जागी भारतीय कंपनी आली म्हणजे खोटे खरे होत नाही. आज देशी आणि 'वनौषधी' म्हणविणाऱ्या पेस्ट-मंजनांवरही 'शुभ्र', 'चमकदार' ही विशेषणे सर्रास छापली जातात. दंतमंजनाची पूड तर पेस्टहून सामान्यतः अधिक खरखरीत असते आणि बोटाने रगडण्याची सवय त्यात भर घालते. स्वदेशीचा अर्थ स्वदेशी बांधवांची फसवणूक करण्याचा परवाना असा होत नाही. उलट, जो स्वदेशीचे नाव घेतो त्याचे माप अधिक काटेकोर हवे.

टूथपेस्ट भारतीय कायद्याच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधन आहे. परंतु तिच्यात फ्लोराइड असेल तर ते दशलक्ष भागांत १,००० हून अधिक नसावे आणि त्याचे प्रमाण नळीवर व खोक्यावर छापलेले असावे, असा नियम आहे. म्हणजे एका घटकाबाबत ग्राहकाला आकडा सांगणे शक्य आहे आणि तो सांगितलाही जातो. मग घर्षणाचा अंक का नको? पेरॉक्साइडची टक्केवारी ठळक का नको? 'हा परिणाम पृष्ठभागावरील डागांपुरता आहे' आणि निळे रंगद्रव्य असेल तर 'हा परिणाम तात्पुरता आहे', ही दोन वाक्ये मराठीसह भारतीय भाषांत छापण्याची सक्ती का नको? ज्याचा माल खरा, त्याला या चार ओळींचे भय वाटण्याचे कारण नाही. जाहिरातीतील दातांवर संगणकाचा हात फिरला असेल तर तसे पडद्यावर लिहावे, ही मागणीही अवास्तव नाही.

कायद्याची वाट पाहात घरातल्यांनी मात्र थांबण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत टूथपेस्टला स्थान दिले. ते दिले दात किडण्यापासून वाचविणाऱ्या फ्लोराइडयुक्त पेस्टला, पांढरे करणाऱ्या पेस्टला नव्हे. साधी फ्लोराइडची पेस्ट, लहान मुलासाठी तिचा अगदी थोडा ठिपका, मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे, गोड खाल्ल्यावर खळखळून चूळ, आणि दंतवैद्याकडून नियमित तपासणी, यापलीकडे सामान्य माणसाच्या दातांना काही लागत नाही. जेथे पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तेथे पेस्टबाबत स्थानिक दंतवैद्याचे ऐकावे. ज्याला विवाहापूर्वी दात उजळायचेच असतील त्याने जरूर उजळावेत, मात्र दंतवैद्याकडे जाऊन, खर्च आणि मर्यादा समजून घेऊन. आणि वस्ती-पाड्यांवर, शाळांतून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तंबाखू आणि मशेरी सुटण्यासाठी एका घरात जरी यश मिळविले, तरी नळ्यांच्या साऱ्या कारखान्यांहून अधिक दात आणि काही जीवही त्यांनी वाचविलेले असतील.

शांघायच्या त्या जाहिरातीतील हास्य संगणकाने घडविले होते. नातवाला राखुंडी आणि नीळ यांच्या गोष्टी सांगताना खळखळून हसणाऱ्या आजोबांचे दात पिवळसर असतील, एखादा पडलेलाही असेल. पण ते हसू त्यांचे स्वतःचे असते. त्या हसण्याची लाज नातवाला वाटू नये, एवढी काळजी घराने घेतली तरी हा मायाबाजार निम्मा ओस पडेल.